रिकामा रकाना

त्या रविवारी दुपारी ताई आणि भाऊजी आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आज कुणालाही टोचून बोलायचं नाही. हा निश्चय सूप वाढून होईपर्यंत टिकला. आमच्या घराण्याच्या मानाने ही मजल बरीच म्हणायची.

तीन महिने आमचं बोलणं बंद होतं. युद्ध सुरू झालं, सरकारने निवृत्त अधिकाऱ्यांना परत कामावर बोलावलं आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आमच्या शहराचा सेन्सॉर झाला. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर एक टेबल, काळ्या शाईची बाटली, एक ब्रश आणि जांभळा शिक्का. आघाडीवरून येणारी पत्रं आधी तिथे उघडायची. आमच्या सांजदैनिकाची चारही पानं छापण्याआधी तिथेच जायची. मी लगेच ‘काळ्या शाईचा बादशहा’ असा अग्रलेख लिहिला. भाऊजींनी त्यातला एक शब्दही न कापता शिक्का मारून तो परत पाठवला. माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता.

जेवणाच्या टेबलासमोर ती चौकट आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पहिल्या पानावर एक अख्खा रकाना कोरा सोडला होता. सेन्सॉरच्या निषेधार्थ. त्याबद्दल ते अकरा दिवस तुरुंगात होते. तो कोरा रकाना काचेत घालून भिंतीवर लावलेला आहे आणि मी जन्मभर त्याच्याकडे तोंड करून जेवलो आहे. स्वतः मी तीस वर्षांच्या संपादकपदात धाडसाचं काहीही केलेलं नाही. पण त्या रकान्याकडे पाहिलं की केल्यासारखं वाटतं.

अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि कानयंत्र लावतात. ते कधी चालू असतं आणि कधी बंद, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. त्यावर त्यांचा संसार सुखाचा चाललाय.

“जनरलचं काय?” मी ताईला विचारलं. जनरल म्हणजे तिचा मुलगा. लहानपणी गल्लीतल्या पोरांना रांगेत उभं करून हुकूम सोडायचा, म्हणून ते नाव पडलं. प्रत्यक्षात तो सैन्यात गेला तो साधा शिपाई म्हणून, आणि आता सगळे हुकूम त्यालाच सुटतात.

“बरा आहे. आघाडीच्या बराच मागे आहे तो, कोठारावर. हो ना हो?”

“हो,” भाऊजी सुपात बघत म्हणाले.

“मी पार्सल पाठवलंय. मोजे, बिस्किटं. तुझ्याच पेपरात गुंडाळते सगळं.”

“तेवढाच आमचा खप वाढला आघाडीवर,” मी म्हणालो. इथवर सगळं ठीक होतं.

मग आमची लेक आली, अर्धा तास उशिरा. ती आमच्याच पेपरात बातमीदार आहे. घराणेशाहीवरचे माझे सगळे अग्रलेख तिच्या नेमणुकीच्या आधीचे आहेत. तिने पिशवीतून काहीतरी काढलं आणि मिठाच्या भांड्याशेजारी ठेवलं. सैनिकी बूट होता, डाव्या पायाचा.

“टेबलावर बूट?” बायको म्हणाली.

“नवा आहे, आई. एकदाही घातलेला नाही.” तिने चवड्यावर अंगठा दाबला. तळ उघडला आणि उघडाच राहिला. “टाके नाहीतच, नुसता चिकटवलाय. स्टेशनसमोरच्या मोच्याकडे या आठवड्यात असे साठ जोड आलेत. भरतीतली पोरं रांग लावून शिवून घेतायत. हा उद्या त्यांना परत द्यायचाय.”

“आपल्याला काय करायचंय?” ताई म्हणाली.

“आत्या, इस्पितळात आघाडीवरच्या खिंडीतून आणलेले एकोणतीस जण आहेत. एकालाही गोळी लागलेली नाही. सगळ्यांचे पाय बर्फाने गेलेत. आणि गुरुवारी इथून दोनशे जण वर निघतायत, हेच बूट घालून.”

“पहिलं पान,” मी म्हणालो. मथळा मला दिसायलाही लागला होता, आडवा, पानभर. त्याखाली माझा अग्रलेख. लेकीचं नाव बारीक टायपात.

भाऊजींनी चमचा खाली ठेवला. “हे छापता येणार नाही.”

“का? खोटं आहे?”

“खरं आहे म्हणूनच. खोटं असतं तर दोन शिक्के मारले असते.”

“मेजरसाहेब,” मी म्हणालो. चिडलो की मी त्यांना मेजरसाहेब म्हणतो. “जनतेला जाणून घ्यायचा हक्क आहे.”

“जनतेबरोबर आणखी कोण वाचतं तुझा पेपर? तो इथल्या नाक्यावर मिळतो, तसा दोन दिवसांनी पलीकडेही मिळतो. खिंडीतल्या लोकांना चालता येत नाही असं छापणं म्हणजे दार उघडं आहे, या, अशी पाटी लावणं.”

“म्हणून गप्प बसायचं? पोरांचे पाय जाऊ द्यायचे? सरकार रोज सांगतं, पुरवठा उत्तम. कुणी विचारलंच नाही तर तो उत्तमच राहणार.”

“मी सैन्यात असताना एका पेपराने आमचा पूल कधी पुरा होणार ते छापलं होतं,” भाऊजी म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा, उलट उतरला. “अभिनंदनाची बातमी होती. पूल पुरा झाला त्याच दुपारी तो उडवला. वर चौदा जण होते. मी काठावर होतो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी जास्त मोठ्याने बोललो. काय बोललो ते इथे देत नाही. त्यात ‘लोकशाहीचा प्राणवायू’ हे शब्द दोनदा आले, असं लेक म्हणते.

“तुझ्या एका मथळ्यापायी पोरांचा जीव घेऊ नकोस,” ताई म्हणाली. तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याने ही नोकरी घेतली म्हणून ती चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आता मात्र तिने खुर्ची जराशी त्यांच्याकडे सरकवली. “वरचे लोक बघतील ना बुटांचं. त्यांना काय डोळे नाहीत?”

“आणि दोनशे जण?” लेकीने विचारलं.

अण्णा शांतपणे बटाटा सोलत होते.

यापुढचं स्वयंपाकघरात घडलं आणि मी तिथे नव्हतो. पण मी ते असल्यासारखं सांगणार आहे. संपादकाला ती सवय असते.

चहा करायच्या निमित्ताने ताई बायकोच्या मागे आत गेली आणि पर्समधून एक कागद काढला. जनरलचं पत्र. मधल्या पाच ओळी काळ्याकुट्ट. आठवडाभर ताई तो कागद खिडकीच्या काचेला लावून बघत होती, दिव्यासमोर धरून बघत होती. पाच ओळींमागे काय असेल याचा विचार करून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती. पण नवऱ्याच्या कचेरीतला काळा रंग नवऱ्यालाच विचारणं तिला जमेना.

“तुला येतं ना गं अजून? उलटं वाचायला?”

आमची ही लग्नाआधी अण्णांच्या छापखान्यात खिळे जुळवायची. शिशाची अक्षरं उलटी असतात. तिने दहा वर्षं जग तसंच वाचलं आणि सरळ अक्षरापेक्षा तिला ते अजूनही सोपं जातं. लग्नानंतर ती मुद्रितं तपासते. माझ्या अग्रलेखांतली विशेषणं ती गुपचूप काढते, हे मला लग्नाच्या एकविसाव्या वर्षी कळलं. तोवर मला वाटायचं की माझी शैली संयमी आहे.

तिने पत्र पालथं घातलं. पोराने बॉलपेन दाबून लिहिलं होतं. मऊ शिसपेन्सिल आडवी धरून तिने मागच्या बाजूवर हलकेच फिरवली. शाई वर होती, पण खालचा उठाव तसाच होता. राखाडी कागदावर ओळी उमटल्या, उलट्या, तिच्या सवयीच्या.

तिने आधी मनात वाचलं. ती मला नंतर म्हणाली, त्या क्षणी मला भाऊजींची नोकरी कळली. सगळं समोर दिसतंय, आणि शेजारी आई उभी आहे.

“वाच,” ताई म्हणाली.

“‘आम्ही वर खिंडीतच आहोत. बूट आठवड्यात उकलले. पोती फाडून पायांना गुंडाळतो आणि वरून दोरी. पहाऱ्याला आळीपाळीने जातो, कारण धड जोड तीनच उरलेत.’” ती थांबली. “एवढंच आहे.”

एवढंच नव्हतं. शेवटची ओळ होती, ‘डाव्या पायाची दोन बोटं आता कळेनाशी झालीत, पण आईला सांगू नका असं कुणाला सांगणार, पत्र तिलाच आहे.’ ती ओळ बायकोने गिळली. पत्राची घडी करून तिने ते ताईच्या हातात दिलं आणि चहाचं पाणी उतू गेलं.

ताई बाहेर आली ती सरळ भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली.

“कोठारावर आहे म्हणालात.”

भाऊजींनी कागद पाहिला, पेन्सिलीची राखाडी पाहिली आणि त्यांना सगळं समजलं.

“हे तुमच्या कचेरीतल्या कारकुनाने केलं का?” ताईने विचारलं.

“नाही. मी केलं.”

त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारची गोष्ट होती. भाऊजींची एक पद्धत होती, पत्राच्या मायन्यावर ते पोस्टकार्डाचा तुकडा ठेवायचे. कोण कुणाला लिहितंय ते दिसू नये, सगळ्यांना सारखा नियम लागावा. पण अक्षर कसं झाकणार? त्या अक्षराला त्यांनी स्वतः वळण लावलं होतं. कारकुनाकडे सरकवता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. ब्रश बुडवला, पाच ओळी पाच फटक्यांत संपवल्या, उठून माठातलं गार पाणी प्यायले आणि पुढचं पत्र घेतलं.

“शंभर आयांना जे कळू द्यायचं नाही,” ते म्हणाले, “ते एकीला कसं कळू देऊ? ती माझ्या घरात राहते म्हणून?”

ताई रडली नाही. तिने खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला येऊन बसली. “छाप,” ती मला म्हणाली.

आता इथे मी काय म्हणालो ते लिहिणं भाग आहे. लेकीने बजावलंय की वगळलंस तर मी माझं वेगळं पुस्तक काढीन.

मी म्हणालो, “आता नको. जरा विचार करायला हवा.”

“बाबा, दहा मिनिटांपूर्वी जनता होती.”

“दहा मिनिटांपूर्वी जनरल कोठारावर होता.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या एकोणतीस पोरांसाठी मी पानभर मथळा लावणार होतो. माझ्या मांडीवर वाढलेलं एक पोर त्या डोंगरावर आहे कळल्याबरोबर मला जिकडेतिकडे शत्रूचे कान दिसायला लागले. भाऊजींनी निदान पाच ओळी काळ्या करताना घरचं आणि बाहेरचं एकाच शाईत बुडवलं होतं.

“छापलं आणि परवा खिंडीवर हल्ला झाला तर?” भाऊजींनी ताईला विचारलं. विचारताना ते मेजर नव्हते.

“न छापता होणार नाही याची लेखी हमी देता? आणि झालाच तर पळायला तरी बूट हवेत ना.”

मग मला ती कल्पना सुचली. सुचली कसली, समोर भिंतीवरच होती.

“रकाना कोरा सोडू,” मी म्हणालो. “पहिल्या पानावर, अण्णांसारखा. शत्रूला काही कळणार नाही, आणि लोकांना सगळं कळेल.”

टेबलाभोवती सगळ्यांनी श्वास सोडला. भाऊजी म्हणाले, कोऱ्यावर शिक्का मारायला नियम आडवा येत नाही. ताईने डोळे पुसले. बाप तसा बेटा, असं कुणीतरी उद्या म्हणेल याची मी तयारीही केली. लेक तेवढी बुटाकडे बघत होती.

“ती गॅली जिन्यात पडली होती,” अण्णा म्हणाले.

आम्ही सगळे वळलो. कानयंत्र चालू होतं. बहुधा पहिल्यापासूनच.

“कुठली गॅली, अण्णा?”

“त्या रकान्याची.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “जुळवलेल्या खिळ्यांचा तो ट्रे घेऊन खाली येत होतो. तिसरी पायरी मोडकी होती. पडलो, सगळे खिळे जिनाभर. छपाईला वीस मिनिटं होती. म्हटलं जाऊ दे, जागा तशीच सोडा.”

“पण सेन्सॉरने कापलेली बातमी…”

“कसली बातमी? नगर उद्यानातल्या पुष्पप्रदर्शनाचा वृत्तांत होता. गुलाबाला पहिलं बक्षीस.”

अण्णांनी सोललेला बटाटा ताटात ठेवला.

“संध्याकाळी लोक अभिनंदन करायला आले. काय बाणेदारपणा, म्हणाले. मी खरं सांगणारच होतो, पण त्यांच्या मागोमाग पोलीस आले. मग तुरुंगात रोज वाटायचं, जिन्याचं सांगून टाकावं, सोडतील. पण बाहेर माझ्या नावाने घोषणा चालायच्या. त्यांना काय सांगू, गुलाब पडले म्हणून?” ते चौकटीकडे बघत होते. “पन्नास वर्षं लोक त्या कोऱ्या जागेत स्वतःला हवं ते वाचतायत. मी लिहिलेलं इतकं कुणी कधी वाचलं नाही. पण पोरा, तू आता मुद्दाम कोरं सोडणार असशील तर एवढं लक्षात ठेव, कोऱ्या कागदाने कुणाचे पाय गरम होत नाहीत.”

मी छप्पन्न वर्षांचा माणूस, गुलाबाच्या ताटव्यासमोर बसून जन्मभर ताठ मानेने जेवलो होतो. मला हसू आलं, मग ते थांबेना. ताईही हसली आणि हसता हसता रडायला लागली. भाऊजींनी तिला रुमाल दिला. तिने तो घेतला, पण खुर्ची हलवली नाही.

“बातमी दाखव,” भाऊजी लेकीला म्हणाले.

तिने टाइप केलेली दोन पानं पुढे केली. भाऊजींनी खिशातून पेन्सिल काढली. काळी शाई नव्हे, साधी पेन्सिल. “खिंड काढ.”

“आतोबा, मग…”

“इस्पितळ काढ. एकोणतीस काढ. वर काय चाललंय त्यातलं काहीही नको.”

“तोच तर माझा सगळा आठवडा आहे. मग उरलं काय?”

“मोची. त्याच्या दारातली रांग. साठ जोड. न शिवलेला तळ. हा बूट.” त्यांनी तो उचलून उलटा केला. “हा अजून वर गेलेला नाही. याच्यावरून शत्रूला काय कळणार? आपल्याला मात्र सगळं कळतं.”

“पण पुरवठ्याबद्दल काहीच छापायचं नाही असाही तुमचा नियम आहे ना?” मी विचारलं.

“आहे. सातवा.” ते पेन्सिलीला टोक काढत म्हणाले.

लेकीने इस्पितळाचा परिच्छेद स्वतःच्या हाताने काढला. त्याआधी तो एकदा मोठ्याने वाचला, सगळ्यांना. आम्ही दोघं मेहुणे एकाच कागदावर वाकून दीड तास बसलो. त्यांनी आकडे काढले, मी विशेषणं काढली, बायकोने मी ठेवलेली उरलेली विशेषणं काढली. ‘लोकशाहीचा प्राणवायू’ कुणी काढला ते मला कळलंच नाही. शिक्का भाऊजींच्या कोटात होता. तो मारताना त्यांचा हात स्थिर होता. ताई मात्र दुसरीकडे बघत होती.

त्या एकोणतीस जणांबद्दल आम्ही छापलं नाही. ते बरोबर केलं असं मला वाटत नाही, आणि चूक केली असंही म्हणवत नाही. या विषयावर मी अग्रलेख लिहायला चारदा बसलो. रकाना भरला नाही.

सोमवारी बातमी छापून आली. मंगळवारी सरकारने कळवलं की बूट उत्तम आहेत. बुधवारी भाऊजींना घरी पाठवलं. गुरुवारी दोनशे जणांची तुकडी निघाली नाही, ‘प्रशासकीय कारणास्तव’. ती बारा दिवसांनी निघाली, आणि मोच्याच्या दारात रांग नव्हती. हे आमच्यामुळे झालं की नाही ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. घरात मात्र मी ते आमच्यामुळेच झालं असं धरून चालतो. खिंडीवर हल्ला एकदा झाला, दोन दिवस. त्या दोन दिवसांत ताई आणि भाऊजी आमच्याकडेच राहिले आणि अण्णांनी कानयंत्र बंद केलं नाही. खिंड टिकली.

भाऊजी आता आमच्याकडे मुद्रितं तपासतात. सेन्सॉर असताना त्यांनी माझा शब्द कधी कापला नव्हता. त्याचं सगळं उट्टं ते आता काढतायत.

जनरलचं पुढचं पत्र पाचव्या आठवड्यात आलं. नवा सेन्सॉर तरुण आहे आणि फार मेहनती. ‘प्रिय आई’ आणि ‘तुझा’ एवढं सोडून त्याने सगळं काळं केलं होतं. ताईने ते आमच्या पेपरच्या कचेरीत आणलं आणि न बोलता बायकोपुढे ठेवलं. लेकीने पेन्सिल दिली. भाऊजी हातातलं मुद्रित तसंच धरून उभे राहिले. त्यांनी नको म्हटलं नाही.

बायकोने पत्र पालथं घातलं, पेन्सिल फिरवली आणि खाली वाकली.

“बूट आले,” ती म्हणाली. मग थांबली.

“सगळं वाच,” ताई म्हणाली. “गेल्या वेळी थांबलीस तेव्हाच मला कळलं होतं. आता थांबू नकोस.”

बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग एकही शब्द न गाळता वाचलं.

“‘नवे बूट आले. टाके घातलेले आहेत, मी मोजले. उजवा अगदी घट्ट बसतो. डाव्यात पुढे दोन बोटांची जागा रिकामी राहते. तिथे मामाचा पेपर घडी करून कोंबतो. बरोबर बसतो.’”